रिकामी नव्हे, राखलेली जागा

लग्नसराईत शहराबाहेरच्या मोठ्या मंगल कार्यालयाच्या आवारात एक दृश्य वारंवार पाहावयास मिळते. प्रवेशद्वाराला लागून निळ्या रंगाचा एक चौकोन आखलेला असतो, त्यावर चाकाच्या खुर्चीचे पांढरे चित्र असते आणि त्या चित्रावर फुलांनी सजविलेली नवरदेवाची मोटार उभी असते. कधी तेथे मांडववाल्याचा टेम्पो असतो, तर कधी यजमानांच्या निकटच्या आप्तांची गाडी. कोणी हटकलेच, तर उत्तर तयार असते : "पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, आणि जागा रिकामीच होती."

असे उत्तर देणारा मनुष्य बहुधा सज्जन असतो. वर्षाकाठी त्याने पांजरपोळाला, रुग्णालयाला, विद्यार्थी वसतिगृहाला देणगी दिलेली असते. म्हणूनच त्याच्या उत्तराचा शांतपणे विचार करावयास हवा. दुकानाच्या तिजोरीत दुसऱ्याची ठेव महिनाभर पडून असली, तरी सचोटीचा व्यापारी ती आपल्या उलाढालीत फिरवीत नाही. मंदिराच्या भांडारात देवद्रव्य साठले आहे म्हणून कोणी विश्वस्त ते एका दिवसापुरतेही घरखर्चासाठी उसने घेत नाही. ठेव वापरात दिसली नाही, तरी तिला धनी असतोच. निळ्या चौकोनाचेही तसेच आहे. ज्याच्यासाठी तो राखला आहे, ती व्यक्ती केव्हा येईल हे आधी कळत नाही. म्हणून तो सदैव मोकळा ठेवावा लागतो. त्याचे मोकळे असणे हाच त्याचा उपयोग.

जागेच्या रुंदीचे कारण

साध्या मोटारीला सुमारे अडीच मीटर रुंदीची जागा पुरते. दिव्यांगांसाठीची जागा किमान ३.६ मीटर रुंद असावी आणि ती इमारतीच्या प्रवेशद्वारापासून ३० मीटरांच्या आत असावी, असे केंद्र शासनाच्या २०१६ च्या आदर्श बांधकाम उपविधींत सांगितले आहे. ही वाढीव रुंदी चैनीची नाही. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला मोटारीतून उतरताना दार पूर्ण उघडावे लागते, खुर्ची आसनाला भिडवून तिचे ब्रेक लावावे लागतात आणि दोन्ही हातांच्या बळावर शरीर एका आसनावरून दुसऱ्यावर सरकवावे लागते. शेजारी दुसरे वाहन चिकटून उभे असेल, तर हे घडूच शकत नाही.

चौकोनाच्या कडेला तिरप्या पट्ट्या मारलेला जो भाग असतो, तो याच कामासाठी. तेथे 'कडेलाच तर आहे' म्हणून लावलेली स्कूटर मुख्य जागेवरच्या मोटारीइतकीच अडवणूक करते, किंबहुना अधिक. कार्यक्रम आटोपून परतलेल्या त्या व्यक्तीला मग स्वतःच्याच गाडीत बसता येत नाही आणि स्कूटरचा मालक जेवून बाहेर येईपर्यंत उन्हात ताटकळावे लागते. महाराष्ट्रातील लहान गावांत अनेक दिव्यांग मोटारीऐवजी मागे दोन जादा चाके बसविलेली स्कूटर वापरतात. तिलाही नेहमीच्या दुचाकींच्या दाटीत शिरता येत नाही. ती राखीव जागेत उभी दिसली, तर 'मोटारीच्या जागेत दुचाकी का' असे म्हणून तिला हाकलू नये.

आता 'पाच मिनिटां'चा विचार. एखादी व्यक्ती स्वतः मोटार चालवीत येते. राखीव जागेवर दुसरी गाडी उभी आहे आणि तिचा चालक आत गेला आहे. आलेल्या व्यक्तीने खाली उतरून 'ही गाडी कोणाची' असे विचारावे म्हटले, तर उतरण्याची जागाच गेलेली आहे. ती गाडी पाच मिनिटांत निघणार की पाच तासांत, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. आवाराला दोन फेऱ्या घालून ती घरी परतते. यजमानांना वाटते, निमंत्रण देऊनही आले नाहीत. पुढच्या वेळी ती व्यक्ती निघतच नाही आणि मग 'आमच्याकडे असे कोणी येतच नाही' हेच जागा न राखण्याचे कारण म्हणून सांगितले जाते.

घरातील वृद्ध सोबत असताना काय करावे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाला पडतो. ज्यांना चालताना फारसा त्रास नाही, त्यांना दाराशी उतरवून गाडी पुढे न्यावी. ज्यांना खुर्ची, वॉकर किंवा दोन माणसांचा आधार लागतो, त्यांच्यासाठी राखीव जागा अवश्य वापरावी. ती त्यांच्यासाठीच आहे. मात्र आजी घरी असताना, केवळ गाडी आजींच्या नावाची आहे म्हणून तेथे उभी करू नये. ज्या कुटुंबांतील मुले ब्रिटनमध्ये स्थायिक झाली आहेत, त्यांना तेथील 'ब्लू बॅज' परिचयाचा असेल. तो वाहनाला नव्हे, व्यक्तीला मिळतो. ती व्यक्ती प्रवासात नसताना त्याचा वापर करणे हा गुन्हा मानला जातो. आपल्याकडे तशी पद्धत सर्वत्र रुजलेली नसली, तरी तत्त्व हेच असावे.

अचौर्य आणि अंतराय

श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी अचौर्याचा अर्थ केवळ 'चोरी करू नये' एवढ्यावर थांबत नाही. जे दिलेले नाही ते घेणे, म्हणजे अदत्तादान, हे त्याचे मूळ. या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत राज्याने घातलेली मर्यादा ओलांडणे आहे आणि मापात खोट करणे हेही आहे. व्यापारी समाजाला या दोहोंचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. तराजूची दांडी सरळ ठेवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही नीती दुकानाच्या उंबऱ्यावर संपत नाही. दुसऱ्याला दिलेली जागा विचारल्याविना घेणे हे अदत्तादानच. वस्तूऐवजी जमिनीचा चौकोन घेतला, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. दुसऱ्याच्या दान, लाभ, भोग, उपभोग आणि वीर्य यांत विघ्न आणल्याने अंतराय कर्माचा बंध होतो, असे जैन कर्मसिद्धांत सांगतो. प्रवचनासाठी निघालेली वृद्धा जिन्यापाशी अडते, दर्शनासाठी आलेला तरुण दाराबाहेरून हात जोडून परततो, दान देण्याच्या इच्छेने आलेला गृहस्थ आवारातूनच माघारी फिरतो. यातील कोणाचेही अहित व्हावे, अशी कोणाची इच्छा नसते. परंतु हिंसेचा विचार करताना शास्त्रकारांनी प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान दिले आहे. रात्रभोजनत्यागापासून पाणी गाळून पिण्यापर्यंत ज्या समाजाची सारी दिनचर्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांच्या काळजीने घडली आहे, त्या समाजाला समोरून येणाऱ्या मनुष्याची अडचण न दिसावी, हे शोभणारे नाही.

बंद दारामागची अडचण

वाहनतळाविषयी निदान बोलले तरी जाते. शौचालयाचा विषय संकोचाने टाळला जातो आणि खरे हाल तेथेच होतात.

मेरुरज्जूला इजा झालेल्या अनेकांना मूत्रविसर्जनावर नियंत्रण राहत नाही. त्यांना ठरलेल्या वेळी नळी वापरून मूत्राशय रिकामे करावे लागते. त्यात विलंब झाला, तर जंतुसंसर्गाचा धोका असतो. कोणाला पोटावर लावलेली मलविसर्जनाची पिशवी बदलावी लागते. कोणाला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर बसता येत नाही. अशा व्यक्ती समारंभाला निघताना सकाळपासून पाणी पिणे टाळतात. स्वेच्छेने केलेला चौविहार उपवास हे तप आहे. यजमानांच्या शौचालयाला कुलूप असेल या भीतीने सोसलेली तहान हे तप नव्हे. ती यजमानांच्या आतिथ्यातील उणीव आहे.

सुगम्य शौचालय मोठे असते ते का, हेही समजून घ्यावे. आदर्श उपविधींनुसार त्याचा किमान आकार १.५ मीटर × १.७५ मीटर, दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आणि आसनाची उंची जमिनीपासून ५० सेंटिमीटर असावी. भिंतीला आधाराच्या दांड्या असाव्यात. दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे; आत कोणी कोसळून दाराला टेकले, तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलून उघडता येत नाही. आतील मोकळी जागा ही त्या शौचालयाची मुख्य सोय. तेथे बादल्या, झाडू, फिनेलचे डबे आणि जादा खुर्च्या रचल्या की भिंती उभ्या राहतात, पण शौचालय उरत नाही.

मग इतरांनी ते कधीच वापरू नये काय? येथे वाहनतळ आणि शौचालय यांत भेद करावा लागतो. वाहनतळावरील जागा पूर्णतः राखीव आहे. तेथे गाडी लावणारा निघून जातो आणि त्याला बोलावता येत नाही. शौचालयाच्या बाबतीत प्राधान्याचा नियम पुरेसा आहे. दुसरी शौचालये मोकळी असतील, तर तीच वापरावीत. सर्व भरलेली असतील आणि गरज निकडीची असेल, तर सुगम्य शौचालय वापरून त्वरित बाहेर यावे. रांगेत उशिरा आलेल्या दिव्यांग, वृद्ध किंवा गर्भवती व्यक्तीला त्या दारापाशी पुढे जाऊ द्यावे आणि हे त्यांना मागावे लागू नये. तान्ह्या बाळाचे कपडे बदलण्यासाठी मातेला दुसरी सोय नसेल, तर तिची गरजही खरी आहे. परंतु साडी बदलणे, केस विंचरणे, आरशासमोर दागिने घालणे किंवा निवांत दूरध्वनीवर बोलणे यांसाठी 'ऐसपैस आहे' म्हणून ते अडवू नये. बाहेर थांबलेल्या व्यक्तीला दुसरे दार नसते.

वापरानंतरची अवस्थाही तितकीच महत्त्वाची आहे. ओल्या फरशीवर कुबडीचे रबरी टोक घसरते. म्हणून सांडलेले पाणी पुसून किंवा रबरी फावड्याने ओढून बाहेर पडावे. पाश्चात्त्य पद्धतीच्या आसनावर पाय ठेवून बसू नये. त्याने आसनाला तडे जातात आणि ज्यांच्या कमरेखालील संवेदना गेली आहे, त्यांना त्या तड्याने झालेली जखम जाणवतही नाही. ती चिघळली की बरी होण्यास महिनोन्‌महिने लागू शकतात.

जे दिसत नाही

चाकाच्या खुर्चीचे ते चिन्ह १९६८ मध्ये सुझान केफोड या डॅनिश विद्यार्थिनीने रेखाटले आणि थोड्या बदलानंतर ते जगभर स्वीकारले गेले. त्या चिन्हामुळे एक गैरसमजही रूढ झाला : खुर्ची नाही, तर दिव्यांगत्व नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. भारताच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते २१ केले. त्यांत कंपवात आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेलही आहेत. यांपैकी अनेक जण काही पावले सहज चालतात आणि पुढचे पाऊल टाकणे त्यांना अशक्य होते. सकाळी सरळ चालणारी व्यक्ती सायंकाळी आधाराशिवाय उभी राहू शकत नाही, असेही घडते.

म्हणून राखीव जागेतून उतरलेल्या तरुणाकडे पाहून 'धडधाकट तर दिसतो' असे मोठ्याने म्हणणे, किंवा सुगम्य शौचालयातून बाहेर आलेल्या मुलीला चारचौघांत जाब विचारणे, हे टाळावे. शंका असेल, तर व्यवस्थापनाने नेमलेल्या माणसाने जवळ जाऊन हलक्या आवाजात विचारावे आणि मिळालेले उत्तर मानावे. कोणी खोटे बोललाच, तर एक जागा गेली. खरे बोलणाऱ्याला अपमानित केले, तर एक माणूस दुरावला. सार्वजनिक ठिकाणी दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९२ अन्वये किमान सहा महिने कारावासाचा अपराध आहे, हेही ध्यानात असावे.

साहाय्य करताना थोडे भान ठेवावे. खुर्ची विचारल्याविना ढकलू नये. ती त्या व्यक्तीच्या शरीरासारखीच आहे. अंध व्यक्तीचा हात धरून ओढू नये; आपला कोपर तिला धरू द्यावा. पंगतीत 'यांना काय वाढू?' असा प्रश्न सोबतच्या माणसाला विचारला जातो. तो थेट त्या व्यक्तीलाच विचारावा.

यजमान, विश्वस्त आणि दुकानदार

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होत्या. २०१६ च्या अधिनियमात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे, तीत खाजगी मालकीच्या, परंतु जनतेच्या वापरातील इमारतीही येतात. व्यापाराच्या जागा येतात आणि धार्मिक कार्याच्या जागाही येतात. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे अधिनियमाशी विसंगत आहे, आणि बंधनकारक नियम करण्यास केंद्राला सांगितले. अधिनियमाच्या पहिल्या उल्लंघनासाठी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक उल्लंघनासाठी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाच्या भयाने धर्म पाळावा असे नाही. पण मंदिर, स्थानक, धर्मशाळा आणि पेढी यांना हा विषय 'सवडीने पाहू' असे म्हणून बाजूला सारता येणार नाही, इतके यावरून उमगावे.

मापात खोट येथेही होते. उताराचे प्रचलित माप एकास बारा असे आहे : जोते एक फूट उंच असेल, तर उतार बारा फूट लांब हवा. दोन फूट उंच पायरीला चार फुटांची लोखंडी पत्र्याची घसरगुंडी लावली, तर तिच्यावरून दुचाकी चढेल, माणूस चढणार नाही. असा उतार बांधून 'सोय केली' म्हणणे हे कमी वजनाचे माप देऊन पूर्ण पैसे घेण्यासारखे आहे.

बरीचशी सुधारणा मात्र बिनखर्चाची आहे. समारंभाच्या दिवशी राखीव जागेपाशी एक स्वयंसेवक उभा करावा आणि मांडववाल्याला टेम्पो कोठे लावायचा हे आदल्या दिवशीच सांगावे. नवरदेवाची मोटार दाराशी थांबून पुढे जावी. सुगम्य शौचालयाचे कुलूप काढावे; ते काढणे शक्य नसेल, तर किल्ली दारापाशीच ठेवावी, पहारेकऱ्याच्या खिशात नव्हे. निमंत्रणपत्रिकेवर सुगम्य प्रवेश कोणत्या बाजूने आहे, ही एक ओळ छापावी. मंदिरात बाहेरची चाके नेण्याविषयी संकोच वाटत असेल, तर आतील वापरासाठी एक स्वच्छ खुर्ची वेगळी ठेवावी. पायाला कॅलिपर किंवा कृत्रिम पाय असलेल्या व्यक्तीला पादत्राण सहज काढता येत नाही. तिच्यासाठी काय करावे हे विश्वस्तांनी आधी बसून ठरवावे. ऐनवेळी पूजाऱ्याने दारात हुज्जत घालणे हा सर्वांत वाईट मार्ग होय.

या बाबतीत जैन समाजाची परंपरा क्षीण नाही. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने १९७५ मध्ये जयपूरला 'भगवान महावीर विकलांग सहायता समिती' स्थापन झाली आणि 'जयपूर फूट' या नावाने परिचित असलेला कृत्रिम पाय लाखो गरजूंना विनामूल्य मिळाला. गावोगावच्या जैन संस्था अशा शिबिरांना सढळ हाताने साहाय्य करतात. पर्वतावरील तीर्थांवर न चढू शकणाऱ्या यात्रेकरूसाठी डोलीची व्यवस्था पूर्वापार चालत आली आहे. वृद्ध आणि रुग्ण यांच्या सेवेला, वैयावृत्त्याला, अंतरंग तपात स्थान देणारा हा धर्म आहे. शिबिरात पाय मिळालेला मनुष्य एके दिवशी त्याच पायांनी, किंवा ते शक्य नसेल तर खुर्चीवरून, त्याच दात्याच्या घरच्या कार्याला येतो. तेव्हा त्याला गाडी उभी करण्यास जागा आणि वापरता येईल असे शौचालय मिळाले, तर ते दान पूर्णत्वास गेले.

पर्युषण आणि दशलक्षण पर्वांत मंदिरांत व स्थानकांत वर्षातील सर्वाधिक गर्दी होते आणि त्या गर्दीत वृद्धांची संख्या मोठी असते. पर्वाच्या अखेरीस सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. जो माणूस वाहनतळावरूनच परत गेला, त्याची क्षमा मागणे मात्र कठीण आहे; तो तेथे नसतो आणि त्याचे नावही कोणाला ठाऊक नसते. म्हणून पर्व सुरू होण्याआधीच एका दुपारी दोन विश्वस्तांनी चाकाची एक खुर्ची घेऊन फाटकापासून गाभाऱ्यापर्यंत आणि तेथून शौचालयापर्यंत जाऊन पाहावे. एकाने खुर्चीत बसावे, दुसऱ्याने ढकलावे. जेथे खुर्ची अडेल, तेथे खडूने खूण करावी. दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून त्या खुणा दाखवाव्यात.